मेंदू-प्रतिमांकन संशोधनातील सांख्यिकीय प्रतिमानांची नोंद : एक चिकित्सा

प्रस्तावना

मेंदूच्या रंगीत प्रतिमा मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र या विषयांच्या अध्यापनात पुरावा म्हणून मांडल्या जातात. वस्तुतः एफएमआरआय यंत्र विचारांचे छायाचित्र घेत नाही. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार बदलणारा चुंबकीय संकेत ते टिपते. त्या संकेतावर सांख्यिकीय प्रतिमान बसवून आलेल्या आकड्याला नंतर रंग दिला जातो. म्हणून प्रतिमान कसे बसविले याची नोंद हा शोधनिबंधाचा परिशिष्टवजा भाग नसून त्याचा गाभा होय.

अपुऱ्या नोंदीचे परिणाम

अशा अभ्यासात मेंदूचे सुमारे एक लाख सूक्ष्म घनभाग स्वतंत्रपणे तपासले जातात. ०.०५ ही सार्थकता पातळी कोणत्याही दुरुस्तीविना वापरल्यास, परिणाम मुळीच नसतानाही सुमारे ५,००० घनभाग ‘सक्रिय’ ठरू शकतात. क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका मृत सॅल्मन माशाला माणसांची छायाचित्रे ‘दाखवून’ हेच सिद्ध केले. दुरुस्तीविना मृत मेंदूतही सक्रियता आढळली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. हा प्रयोग विनोदी वाटला तरी त्यातील दोष काल्पनिक नव्हता. जोशुआ कार्प यांनी २०१२ मध्ये तपासलेल्या २४१ शोधनिबंधांपैकी सुमारे ४० टक्के निबंधांत अशा दुरुस्तीचा उल्लेखच नव्हता. दुरुस्ती केली नाही, की केली पण लिहिली नाही, हे ठरविण्याचे कोणतेही साधन अशा वेळी वाचकापाशी उरत नाही.

मार्गदर्शक सूची व त्यांच्या मर्यादा

रसेल पोल्ड्रॅक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नोंदींविषयीची मार्गदर्शक सूची प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि केवळ सूची पूर्ण केल्याने निष्कर्ष ग्राह्य ठरत नाही. अँडर्स एकलुंड, थॉमस निकोल्स व हान्स क्नुटसन यांनी २०१६ मध्ये ४९९ निरोगी व्यक्तींच्या विश्रांत अवस्थेतील माहितीचे यादृच्छिक गट पाडून तुलना केली. चुकीच्या निष्कर्षांचे अपेक्षित प्रमाण ५ टक्के असताना, सक्रिय पुंजांवर आधारित काही पद्धतींत ते ७० टक्क्यांपर्यंत पोहोचले. पुंज ठरविण्याचा उंबरठा ०.०१ असताना दोष मोठा होता, ०.००१ असताना तो बराच कमी होता. ज्या निबंधांनी हा उंबरठा नोंदविला होता, त्यांचेच पुनर्मूल्यांकन शक्य झाले. नोंद चूक टाळत नाही. ती चूक शोधणे शक्य करते.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७० संशोधक गटांना एकच माहितीसंच व ९ परिकल्पना देण्यात आल्या. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणपद्धती तंतोतंत सारखी नव्हती आणि अनेक परिकल्पनांबाबत निष्कर्षांत लक्षणीय तफावत आढळली. निबंधात निवडलेला एक मार्ग दिसतो. आजमावून सोडून दिलेले मार्ग दिसत नाहीत. सूचीतील रकाने भरणारा प्रामाणिक संशोधकही हा भाग नकळत झाकून ठेवतो.

समारोप

सारांश, प्रतिमानातील चलघटक, गृहीतके, दुरुस्तीची पद्धत व उंबरठा यांच्या नोंदीबरोबरच विश्लेषणाचा पूर्वनोंदणीकृत आराखडा, संगणकीय आज्ञावली व शक्य तेथे मूळ माहिती उपलब्ध करून देणे आवश्यक ठरते. वर्गात अशी प्रतिमा दाखविणाऱ्या अध्यापकानेही प्रतिमेआधी पद्धतीचे प्रकरण वाचावे. तेथे वरील प्रश्नांची उत्तरे नसतील, तर ती प्रतिमा पुरावा नसून केवळ चित्र आहे, असेच मानणे शास्त्रीय दृष्टीला धरून होईल.