यंत्राची तुलना व गीताची आवड

यंत्रांची तुलना आणि गीतांची तुलना या भिन्न जातींच्या होत. २००७ सालच्या पहिल्या आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलांचा, पुढील वर्षीच्या पहिल्या अँड्रॉइड फोनचा ३ हून किंचित अधिक. कॅमेऱ्यापुरता वाद आकड्यांनी मिटला, आणि पुढे दोन्ही यंत्रे अडगळीत गेली. उलट १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’च्या ५६ गीतांत सरस कोणते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून तो टाळणे हा रसिकतेचा आळस होय. माडगूळकरांचे शब्द व फडक्यांची चाल कोठे एकजीव झाली, हे आवड सांगणाऱ्याने दाखविलेच पाहिजे. प्रत्येक श्रवणी असे नवे कारण ज्यात सापडते, त्यासच आम्ही चिरंतन गीत म्हणू.