विल्यम हार्ट : पडद्यावरचा पश्चात्ताप

तर आता विल्यम हार्टकडे येऊ. शेक्सपिअरची नाटकं केलेला हा नट १९१४ मध्ये सिनेमात स्थिरावला, तेव्हा पन्नाशीला टेकला होता. उशीरच म्हणायचा! पण आम्हांला वाटतं, त्या वयामुळेच त्याच्या ओढलेल्या चेहऱ्यावरचा पश्चात्ताप खरा वाटतो.

१९१६चा 'हेल्स हिंजेस' बघा. बंदूकबाज ब्लेझ ट्रेसी नव्या पाद्र्याच्या बहिणीला पाहतो आणि पालटतो. इतकं सोपं? नीतिशास्त्राच्या तासाला हे सांगताना आम्ही इथेच अडखळायचो. कारण पुढे चर्च जळतं, पाद्री मरतो, आणि हा सुधारलेला माणूस दारूचा गुत्ता पेटवतो. त्यात सगळं गाव खाक होतं. मग पालटलं काय? हिंसा तीच, बाजू तेवढी बदलली. हार्ट हे झाकत नाही, म्हणून तो आम्हांला मोठा वाटतो.

पुढे टॉम मिक्सच्या कसरती आणि झकपक कपडे आले, प्रेक्षक तिकडे वळले. 'टंबलवीड्स' (१९२५) हार्टचा शेवटचा चित्रपट. १९३९ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा आरंभी म्हातारा हार्ट स्वतः बोलून प्रेक्षकांचा निरोप घेतो. रंगभूमीवर कमावलेला आवाज, आणि हयातभराचा सिनेमा मुका! भाषण जरा नाटकी आहे, हेही सांगून टाकतो. तरी आम्ही ते दोनदा ऐकलं.