डायकिरी : एक रसग्रहण

दिवाळी अंकात टीकाकाराने कादंबरीवर लिहावे, कवितेवर लिहावे, फार तर एखाद्या नाटकाची हजेरी घ्यावी, असा संकेत आहे. तो मोडून यंदा मी एका पेयावर लिहीत आहे. रम, लिंबाचा रस आणि साखर अशा तीन जिनसांचे हे पेय, नाव डायकिरी. न पिणाऱ्या वाचकांनी कृपा करून पान उलटू नये. मला बोलायचे आहे ते नशेविषयी नव्हे, प्रमाणाविषयी. आणि चकलीच्या भाजणीत मोहन अंमळ जास्त पडले की कढईत काय होते हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरात प्रमाणाचा विषय परका नाही.

डायकिरी हे मुळात गावाचे नाव. क्युबाच्या पूर्व टोकाला, सान्तियागो शहराजवळ, या नावाचा किनारा आहे आणि शेजारी लोखंडाच्या खाणी होत्या. १८९८ साली स्पेनविरुद्धच्या युद्धात अमेरिकन फौजा याच किनाऱ्यावर उतरल्या. त्या सुमारास जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन खाण-अभियंत्याने हे पेय ‘शोधले’, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. मला ती अर्धीच पटते. लिंबू, रम आणि गोडी यांची गाठ त्याच्या फार आधी पडलेली होती. ब्रिटिश आरमारात १७४० पासून खलाशांना रम पाणी घालून मिळू लागली आणि पुढे तिच्यात लिंबूही आले. खुद्द क्युबात उसाची कच्ची दारू, मध आणि लिंबू यांचे ‘कान्चान्चारा’ हे पेय स्वातंत्र्यसैनिकांच्या नावाशी जोडलेले आहे. मग कॉक्सचे श्रेय कोणते? माझ्या मते दोन गोष्टींचे: भरपूर बर्फाचे आणि एका नावाचे. त्याच्या नावावरची जी कृती प्रसिद्ध आहे तीत सहा जणांसाठी सहा लिंबे, सहा चमचे साखर, सहा पेले पांढरी रम, थोडे पाणी आणि पुष्कळ चुरलेला बर्फ आहे. ती वाचताना पाककृतीपेक्षा सवयीची नोंद वाचतो आहोत असे वाटते. लोकगीत कोणी रचले हे विचारू नये. कोणी उतरवून घेतले एवढेच विचारावे.

त्या तीन जिनसांकडे पाहिले तर आपला त्यांच्याशी दूरचा सोयरसंबंध निघतो. स्पॅनिश ‘लिमोन’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने गेला. आपले लिंबू, हिंदीचे निंबू त्याच गोत्रातले. ‘आसुकार’ म्हणजे साखर. तिच्या मागे अरबी ‘सुक्कर’ आणि त्याच्याही मागे आपली शर्करा उभी आहे. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस आणि लिंबूवर्गीय फळांचे बी कॅरिबियन बेटांवर नेले. पुढे त्या उसासाठी आफ्रिकेतून माणसे साखळदंडांत आणली गेली. क्युबातील गुलामगिरी संपली ती १८८६ मध्ये, म्हणजे कॉक्सच्या कथेच्या अवघी बारा वर्षे आधी. साखर कारखान्याची मळी आपल्याला माहीत आहे, रम तिचीच. त्या काळ्या मळीतून पाण्यासारखी स्वच्छ, हलकी रम काढण्याचे तंत्र सान्तियागोत १८६२ पासून बाकार्दी कुटुंबाने नावारूपाला आणले. पेयाची नितळता आवडावी, पण ती कशावर उभी आहे हे रसिकाने विसरू नये.

आता रचना. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयी सांगितल्या. त्यांनी त्या पेल्यासाठी सांगितल्या नव्हत्या हे मला कळते. पण डायकिरीत त्या जिभेवर तपासता येतात. साखर आणि रम यांचा संवाद आहे, कारण दोघी एकाच उसाच्या लेकी. लिंबाचा दोघींशी विरोध आहे. आणि समतोल साधला की तिघांपैकी कोणीच वेगळे ओळखू येत नाही. येथे लपायला जागा नाही. दहा जिनसांच्या मिश्रणात एक चुकला तर नऊ त्याला झाकतात. तिघांत चुकलेला उघडा पडतो.

प्रमाणावर पंडितांत मतभेद आहेत. डेव्हिड एम्बरी या अमेरिकन वकिलाने १९४८ च्या आपल्या पुस्तकात मिश्रपेयांच्या सहा मूळ प्रकारांत डायकिरीला बसवले आणि रम आठ भाग, लिंबू दोन, साखरेचा पाक एक असे माप दिले. मला ते वकिली वाटते: युक्तिवाद चोख, पण ओलावा नाही. घरासाठी मी असे सुचवीन: रम ६० मिली, लिंबाचा रस २० मिली, बारीक साखर दोन लहान चमचे. आपले कागदी लिंबू या कामाला उत्तम. ते लहान आणि झणझणीत आंबट. एकातून साधारण १५ ते २० मिली रस निघतो. मात्र ते ऐन वेळी चिरावे आणि साल पिरगळून पिळू नये, कडवटपणा उतरतो. बाटलीतला रस वर्ज्य. साखर आधी रसात विरघळवावी. रममध्ये ती नीट विरघळत नाही. मग रम आणि भरपूर बर्फ घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दहा-बारा सेकंद जोराने हलवावे. डब्यावर दव धरले आणि हात गारठला की थांबावे. या हलवण्यात बर्फाचे पाणी उतरते, सुमारे पावपट. कृतीत न लिहिलेला हा चौथा जिन्नस. तो नसेल तर पेय घसा ओरबाडते. गाळून, आधीच थंड केलेल्या लहान पेल्यात ओतावे आणि लगेच प्यावे.

हवानामधील ‘एल फ्लोरिदिता’ या मद्यगृहात या पेयाला खरा कलावंत भेटला: कोन्स्तान्तिनो रिबालाइग्वा. मूळचा कातालान, १९५२ साली वारला. पण आज तेथे ब्राँझचा पुतळा आहे तो त्याचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. हेमिंग्वे तेथे बसून साखर वगळून आणि रम दुप्पट करून डायकिरी पीत असे. मृत्यूनंतर १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ या कादंबरीत त्याचा नायकही तसेच करतो. मोठ्या लेखकाबद्दल आदर ठेवून सांगतो, ही दुरुस्ती नव्हे, मोडतोड आहे. साखर काढली की विरोध उरतो, समतोल जातो. वाचकाने आपल्या लहरीप्रमाणे कडवे गाळले आणि पुढच्या पिढीने ती आवृत्ती प्रमाण मानली, तसे काहीसे झाले. त्यातही कारागीर मागे राहिला आणि गिऱ्हाईक गाजले, हे मला अधिक टोचते.

दुसरे टोक स्ट्रॉबेरी घालून यंत्रात घुसळलेल्या गुलाबी लगद्याचे. दोष यंत्राचा म्हणता येत नाही. कोन्स्तान्तिनोनेही ते वापरले होते. दोष असा की अति थंडीने जीभ बधिर होते, गोडी कळेनाशी होते, म्हणून साखर वाढते, तिला पेलण्यासाठी आणखी काही वाढते, आणि शेवटी रम कोठे आहे हे शोधावे लागते.

आपल्याकडे रम म्हटली की गडद रंगाची. तिने हे पेय होते, पण वेगळे होते: तिच्यात व्हॅनिलाचा, जळक्या साखरेचा वास असतो, म्हणून साखर अर्ध्या चमच्याने कमी करावी आणि त्याला डायकिरीचा चुलत भाऊ म्हणावे.

घरात न पिणारे असतील, मुले असतील, त्यांनाही याच पंक्तीत बसवता येते. रम वगळा, पाणी वाढवा, चिमूटभर मीठ टाका: आपले सरबत. ते मीठ आपल्या आयांनी कोणत्याही पुस्तकाविना घातले. आता परदेशी मद्यगृहांतले कसबी लोकही डायकिरीत मिठाच्या पाण्याचा थेंब टाकू लागले आहेत, कारण मिठाने कडवटपणा दबतो. तेव्हा पाहुण्यांपुढे पेले ठेवण्याआधी यजमानाने पहिला घोट स्वतः घ्यावा. आंबट लागला तर साखर, गोड लागला तर लिंबू. आणि आणखी काही घालावेसे वाटलेच, तर ते फराळाच्या ताटात वाढावे.