हस्तसंगणकावरील दोन मुक्तस्रोत दर्शने : ओपी आणि जीपीई

इ. स. २००० साली निघालेल्या कॉम्पॅकच्या आयपॅक एच-३६०० ह्या हस्तसंगणकावर विंडोज सीईऐवजी फॅमिलिअर लिनक्स आणि त्यावर ओपी अथवा जीपीई हा मुक्तस्रोत चित्रमय इंटरफेस बसविता येई. ह्या दोहोंची तुलना चिन्हांच्या देखणेपणावरून करणे वरवरचे होय. देखणेपणाचा प्रश्न मागाहून येतो; आधी मूळ बूटलोडर पुसून नवा लिहावा लागे, आणि नेमक्या त्या क्षणी वीज खंडित झाल्यास यंत्र निकामी होण्याचे भय असे. मालकीहक्काची ही किंमत दोन्ही पक्षांना सारखीच पडे.

भेद पुढे आहे. ट्रोलटेकच्या क्यूटोपियातून फुटून निघालेली ओपी पडद्याच्या स्मृतीवर थेट रेखाटन करते; एक्स ही मधली यंत्रणा तिला नको. अवघ्या १६ मेगाबाइट फ्लॅशमध्ये ही काटकसर मोलाची, हे नाकारता येत नाही. परंतु तिच्यामुळे एक्ससाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांना दार बंद होते. जीपीईने जीटीके व एक्स पत्करले. जागा अधिक गेली. तथापि मेजावरील संगणकाच्या आज्ञावल्या पुन्हा संकलित करून येथे आणता येतात, इतकेच नव्हे तर हातातील यंत्रावर चाललेली आज्ञावली दूरच्या पडद्यावरही दाखविता येते. म्हणून तत्त्वतः जीपीईचाच पक्ष बळकट ठरतो. मात्र मोठ्या पडद्यासाठी आखलेली चौकट २४० गुणिले ३२० बिंदूंत मावत नाही, आणि होकाराचे बटणच कडेबाहेर जाते, तेव्हा ओपीच्या कैवाऱ्यांचे हसू अगदीच अनाठायी नसते.