‘स्मृतिचित्रे’: श्रद्धा, विनोद आणि नम्रता

एक

श्रद्धेचा वाङ्मयीन आविष्कार सामान्यतः दोन रूपांत होतो. एक स्तोत्राचे व प्रार्थनेचे. तेथे भक्त देवाशी बोलतो. दुसरे आत्मनिवेदनाचे, तेथे तो देवाला साक्षी ठेवून जगाशी बोलतो. ख्रिस्ती परंपरेत या दुसऱ्या रूपाला सेंट ऑगस्टिनपासून एक निश्चित घाट प्राप्त झाला आहे: आधीचा अंधार, मध्ये वळण आणि नंतरचा प्रकाश. मराठीत बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र नावापासूनच या घाटाचे आहे. या घाटाची शक्ती मोठी आहे, पण त्यात एक धोकाही आहे. ज्याला प्रकाश लाभला त्याला, कितीही सावधपणे लिहिले तरी, अंधारातल्यांपेक्षा आपण उंचावर उभे आहोत असे भासू लागते. नम्रतेचा पुरस्कार करणारे निवेदन त्याच्या रचनेमुळेच अहंकाराकडे झुकते. ख्रिस्ती आत्मचरित्राचा हा अंगभूत पेच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४ ते १९३७) या पेचातून कशी सुटतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या ग्रंथावर मराठीत विपुल प्रेम झाले; पण त्या प्रेमात एक सोयीस्कर विभागणी होत आली आहे. सर्वसामान्य वाचक त्यातील विनोद, घरगुती प्रसंग आणि बोलभाषा उचलून धरतो, आणि त्यातील ख्रिस्ती श्रद्धा हा लेखिकेच्या चरित्राचा एक योगायोग मानतो. उलट धर्मनिष्ठ वाचक तिच्याकडे साक्ष म्हणून पाहतो आणि विनोद हा साक्षीला लावलेला गोडवा समजतो. माझे म्हणणे असे की, ही विभागणीच चुकीची आहे. ‘स्मृतिचित्रां’तील विनोद हाच तिच्यातील श्रद्धेचा आचारधर्म आहे, तो वगळला तर श्रद्धा उरत नाही, आणि श्रद्धा वगळली तर विनोदाचे कारण कळत नाही.

दोन

आरंभी शब्दाकडे पाहू. ग्रीकमधील ज्या शब्दावरून ख्रिस्ती नम्रतेची कल्पना आली, त्याचा मूळ अर्थ ‘सखल’, ‘खालचा’ असा आहे. अभिजात ग्रीक वाङ्मयात तो बहुधा हीनत्वदर्शक होता. लॅटिन प्रतिशब्दाचे नाते मातीशी आहे. हिणवणुकीचा शब्द सद्गुणाचा झाला, ही ख्रिस्ती विचाराने केलेली एक मोठी उलथापालथ होय. मराठीत मात्र ही उलथापालथ करण्याची गरजच नव्हती. दैन्य, लीनता, लहानपण ही संतवाणीने आधीच प्रतिष्ठित केलेली मूल्ये होती. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक म्हणत, ते केवळ भावनेने नव्हे. ‘अभंगांजली’तील त्यांची भाषा पाहिली म्हणजे त्या सेतूचे दगड ओळखता येतात.

तथापि मराठीतील या शब्दांमध्ये सूक्ष्म भेद आहेत. ‘नम्रता’त वाकणे आहे, ‘लीनता’त विलीन होणे आहे, ‘दीनता’त वंचितपणा आहे आणि ‘विनय’ या शब्दात शिक्षणाचा, वळण लागण्याचा अर्थ आहे. अनुवादकाला हे भेद रोज भोवतात. टिळकांच्या काव्यातील वृत्ती लीनतेची आहे. त्यांना ख्रिस्तात विरघळून जायचे आहे. लक्ष्मीबाईंची वृत्ती विनयाची आहे. त्या विरघळत नाहीत, त्या शिकतात. आणि शिकणाऱ्या माणसाला स्वतःच्या चुकांचे हसू येऊ शकते, विरघळलेल्याला ते येत नाही.

तीन

चरित्राचा तपशील सर्वपरिचित आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्या आप्तांकडे राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरासारख्या क्षेत्रात गेला. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. पती ख्रिस्ती झाला म्हणून पत्नी झाली, असे वरवर वाटते. वस्तुतः या दोन घटनांमधील वर्षे हीच या ग्रंथाची खरी रणभूमी आहे.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे विलक्षण होते. बाजारातून आलेल्या जिनसाही धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती, आणि त्याचा जाच सगळ्या घराने सोसला. त्या घरातून आलेली ही स्त्री पतीकडे परतल्यावरही काही काळ आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवते. पुढे जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे अशी तिची खात्री होते आणि ती स्पर्शास्पर्श सोडते. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. जात आधी गळते, बाप्तिस्मा नंतर येतो. सिद्धांत पटला म्हणून आचार बदलला, असे येथे नाही. आचार बदलला आणि मग सिद्धांताला घरात जागा झाली. ज्या हाताचे पाणी आपण नाकारत होतो, त्या हाताचे पाणी पिणे ही नम्रतेची पहिली पायरी, आणि ती प्रार्थनामंदिरात नव्हे, माजघरात चढली गेली.

या प्रसंगांच्या निवेदनात लक्ष्मीबाई काय करीत नाहीत, हे पाहिले पाहिजे. त्या सोवळ्याची कुचेष्टा करून आपली सुटका मिरवीत नाहीत. वडिलांच्या वेडाचे चित्र हास्यकारक आहे, पण त्या हसण्यात माया आहे. आणि तेच हसू पुढे त्या स्वतःवर वळवतात. ज्यांना आपण मागे टाकले त्यांच्याविषयी आणि जिच्यातून आपण आलो त्या ‘मी’विषयी एकाच स्वराने बोलणे, ही साधी गोष्ट नाही. धर्मांतराचा घाट नेमका येथे मोडतो. अंधार आणि प्रकाश असे दोन विभाग पडतच नाहीत. एकच घर दिसते, आणि त्याच्या खिडक्या हळूहळू उघडत जातात.

चार

येथे एक आक्षेप विचारात घ्यावाच लागेल, कारण तो आजच्या वाचकाच्या मनात पहिल्याप्रथम येतो. स्त्रीच्या बाबतीत नम्रतेचे गुणगान करणे म्हणजे तिच्या सोशिकतेला पावित्र्य देणे नव्हे काय? टिळक प्रतिभावान होते, उदार होते आणि संसाराच्या दृष्टीने अत्यंत बेभरवशाचे होते. घरखर्चाचा पैसा परक्याच्या गरजेला जाई, बेत एका क्षणात बदलत, आणि त्या सर्वांची किंमत चुलीपाशी बसलेल्या व्यक्तीला मोजावी लागे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ मांडला. कल्पना भव्य होती. पण संन्यासाला प्रेक्षक असतात, संसाराला नसतात. त्यागाचे श्रेय ज्याच्या नावावर जमा होते त्याच्याहून त्यागाचा हिशेब सांभाळणारे माणूस वेगळे असू शकते, हे आपल्या धर्मचरित्रांनी क्वचितच नोंदवले आहे.

आक्षेप खरा आहे, पण तो ‘स्मृतिचित्रां’ना लागू पडत नाही, याचे कारण लक्ष्मीबाईंची नम्रता पतीपुढची नाही. पतीशी त्या भांडतात, रुसतात, त्याच्या फजितीची गोष्ट रंगवून सांगतात. त्याची श्रद्धाही त्या त्याच्या अधिकाराने स्वीकारीत नाहीत. स्वतःच्या बुद्धीला पटेपर्यंत थांबतात. पाच वर्षांचे ते थांबणे ही दास्यवृत्ती नव्हे. दास्य ताबडतोब होकार देते. विनय प्रश्न विचारतो. नम्र मनुष्य सत्यापुढे वाकतो, आणि म्हणूनच इतर कोणापुढे उगाच वाकण्याची त्याला गरज राहत नाही. हा भेद लक्ष्मीबाईंनी कोठे सूत्ररूपाने सांगितलेला नाही. तो त्यांच्या वाक्यरचनेत आहे: छोटी वाक्ये, बोलण्याचा ओघ, स्वतःविषयीचे विशेषण जवळजवळ नाहीच, आणि भावना शिगेला पोचते तेथे विषयांतर. दुःखाच्या ऐन क्षणी त्या एखादी क्षुल्लक घरगुती बाब सांगतात, आणि वाचक हसता हसता थबकतो.

या आठवणी मुळात टिळकांच्या चरित्राला साधन व्हाव्यात म्हणून लिहिल्या जाऊ लागल्या, हेही येथे महत्त्वाचे ठरते. लेखिका आपल्या ग्रंथात पुढच्या दाराने शिरत नाही. दुसऱ्याची गोष्ट सांगता सांगता तिची गोष्ट होते. आत्मचरित्राला अपरिहार्य असलेला ‘मी’ येथे कामासाठी आलेल्या माणसासारखा येतो आणि काम आहे तोवरच थांबतो.

हीच वृत्ती ‘ख्रिस्तायना’च्या बाबतीत दिसते. टिळकांनी दहा-एक अध्याय लिहून ते काव्य अपुरे ठेवले. १९१९ मध्ये ते वारले. जिला पतीने लिहिण्यावाचण्याची वाट दाखवली, त्या स्त्रीने त्यापुढील साठांहून अधिक अध्याय रचले. काव्यगुणांच्या दृष्टीने त्या रचनेविषयी मतभेद होऊ शकतील. पण दुसऱ्याने आरंभलेले काम त्याच्या नावाखाली पुरे करणे, आणि त्यात आपला वाटा मोठा असूनही त्याचा गाजावाजा न करणे, हा वाङ्मयीन व्यवहारातील दुर्मिळ गुण आहे.

पाच

नम्रतेची आणखी एक कसोटी म्हणजे दारातील माणूस. दुष्काळाच्या दिवसांत टिळकांच्या घरी अनाथ मुले आली आणि घरची झाली. कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, अहमदनगरला या घरात मुलासारखे राहिले. १९१८ मधील रेल्वे-अपघातात त्यांचा अंत झाला. तोवर ते हिंदूच होते. त्या घराने त्यांना माया दिली आणि बदल्यात नाव बदलून मागितले नाही. प्रचाराचा आवेश असलेल्या श्रद्धेला हे जमत नाही. तिला पाहुण्यात नेहमी संभाव्य अनुयायी दिसतो. लक्ष्मीबाईंना पाहुण्यात भुकेला माणूस दिसतो आणि मग घरात काय शिल्लक आहे, हा प्रश्न पडतो. त्यांची धर्मचर्चा बहुधा येथेच संपते, आणि येथेच ती सर्वांत परिणामकारक होते.

याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचे उदाहरण ठेवता येईल. वृत्तीने रमाबाई लक्ष्मीबाईंहून सर्वस्वी भिन्न: संस्कृतच्या विदुषी, वादपटू, १८८३ मध्ये इंग्लंडात स्वतंत्रपणे दीक्षा घेतलेल्या. पण आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्यांनी बायबलचा मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत अनुवाद केला. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ निघाला. संस्कृतप्रचुर शैली ज्यांना हाताच्या मळाइतकी सोपी होती, त्यांनी ती बाजूला ठेवून अल्पशिक्षित खेडूत स्त्रीला उमगेल असा शब्द शोधला. अनुवाद कित्येक ठिकाणी खडबडीत वाटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्याला येत असलेले वैभव वाचकासाठी न वापरणे ही त्याची नैतिक बाजू आहे. लक्ष्मीबाईंना साधी भाषा सहज लाभली होती. रमाबाईंनी ती कष्टाने मिळवली. दोघींच्या गद्यात नम्रता ही भाषाविषयक निवड झाली आहे.

सहा

‘स्मृतिचित्रां’चे इंग्रजी अनुवाद या दृष्टीने बोधप्रद आहेत. जोसेफिन इंक्स्टर यांच्या अनुवादाला (१९५०) ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव आहे. मराठी वाचकाला त्यात पतीमागून जाणारी पत्नी दिसते आणि तो किंचित नाराज होतो. पण ही पदावली पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात येते, आणि तेथील संदर्भ आपण अद्याप पूर्णत्वाला पोचलो नाही, केवळ त्याच्या मागे लागलो आहोत, या कबुलीचा आहे. म्हणजे हे नाव पत्नीधर्माइतकेच साधकाच्या अपुरेपणाचेही ठरते. शांता गोखले यांच्या अनुवादाने (२०१७) मूळ नाव राखले आणि ही एका तेजस्वी, करारी पत्नीची स्मृतिगाथा आहे, अशा अर्थाचे उपशीर्षक जोडले. पहिल्या नावात अनुगमन आहे, दुसऱ्यात पाणीदारपणा. अर्ध्या शतकाहून अधिक अंतराने दोन अनुवादकांनी एकाच स्त्रीची दोन टोके धरली, असे म्हणता येईल.

मूळ ग्रंथात मात्र ही दोन टोके नाहीत. तेथे तो एकच स्वभाव आहे. ज्या स्त्रीला आपण पूर्णत्वाला पोचलो असा भ्रम नाही, तीच कोणाचाही पूर्णत्वाचा दावा, मग तो पित्याचा असो, पतीचा असो वा धर्मसंस्थेचा असो, हसून तपासू शकते. म्हणून अनुवादकाने विनोद हा अलंकार समजून सैल हाताने हाताळू नये. एखाद्या वाक्यातला मिश्कील काना-मात्रा गेला, तर केवळ गंमत जात नाही. श्रद्धेचा पुरावा जातो.

अन्य भारतीय भाषांतील अभ्यासकांनी या ग्रंथाकडे पुन्हा वळावे, असे वाटण्याचे कारणही हेच. धर्म म्हटला की आपल्याकडे एकतर गाभाऱ्याची भाषा सुरू होते, नाहीतर रणांगणाची. या दोहोंच्या मध्ये स्वयंपाकघर आहे, विहीर आहे, उधारीची वही आहे, आणि न सांगता जेवायला आलेला पाहुणा आहे. श्रद्धा या ठिकाणी कशी बोलते, हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले. त्या बोलण्याला आवाज लहान आहे. ऐकण्यासाठी वाचकाला थोडे जवळ सरकावे लागते.