उंबरठ्याच्या आत आल्यावर

खेळाचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिप ही व्यावसायिक गोल्फमधील चार प्रमुख स्पर्धांपैकी एक. तिची यादी १९१६ साली जिम बार्न्सच्या नावाने उघडते. पुढे वॉल्टर हेगनची पाच विजेतेपदे, बेन होगन, सॅम स्नीड, जॅक निकलॉसची पाच, टायगर वुड्सची चार. १९१७, १९१८ आणि १९४३ या वर्षांसमोर मात्र जागा रिकामी आहे, कारण महायुद्धांमुळे त्या वर्षी स्पर्धा झाली नाही. ज्या वर्षी स्पर्धा झाली नाही त्या वर्षाची नोंद आहे. ज्या माणसांना स्पर्धेत येऊ दिले नाही त्यांची नोंद नाही. एखादी संहिता वाचावी तशी ही यादी मला वाचायची आहे, ती या दुसऱ्या प्रकारच्या रिकाम्या जागांसाठी.

या स्पर्धेची कथा साधारणपणे दोन प्रकारे सांगितली जाते. एक कथा पराक्रमाची, हेगनपासून वुड्सपर्यंतची. दुसरी प्रगतीची: पूर्वी कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, १९६१मध्ये तो उठला, पुढे वुड्स जिंकला. माझा आक्षेप दोन्ही कथांना आहे, कारण मज्जाव हा या इतिहासातील एक उपरा अपघात होता असे दोन्ही गृहीत धरतात. मला तो स्पर्धेच्या जन्मकथेशीच जोडलेला दिसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोल्फमधील ‘व्यावसायिक’ म्हणजे क्लबचा नोकर होता. लहानपणी कॅडी म्हणून दुसऱ्याच्या काठ्या वाहायच्या, मोठेपणी काठ्या दुरुस्त करायच्या, सभासदांना खेळ शिकवायचा. प्रतिष्ठा होती ती हौशी खेळाडूला, कारण त्याला खेळावर पोट भरावे लागत नसे. अनेक क्लबांत व्यावसायिकाला क्लबहाऊसच्या मुख्य दारातून आत येण्याची मुभा नव्हती. जानेवारी १९१६मध्ये न्यूयॉर्कमध्ये डिपार्टमेंट स्टोअरचे मालक रॉडमन वॉनामेकर यांनी गोल्फमधील मंडळींना जेवायला बोलावले. वॉनामेकर यांच्या दुकानात गोल्फचे सामान विकले जाई, तेव्हा त्यांच्या औदार्यात व्यापारही होता. त्या बैठकीतून एप्रिलमध्ये व्यावसायिकांची संघटना, म्हणजे पीजीए, स्थापन झाली. ऑक्टोबरमध्ये सिवानॉय क्लबवर पहिली स्पर्धा झाली आणि बार्न्सने जॉक हचिसनला एका होलच्या फरकाने हरवले.

स्पर्धा फक्त व्यावसायिकांची होती. म्हणून बॉबी जोन्स हा त्या काळचा थोर खेळाडू तिच्यात कधीच उतरू शकला नाही. तो अखेरपर्यंत हौशी राहिला. म्हणजे दार बंद ठेवण्याची रीत इथे पहिल्या दिवसापासून होती. मात्र ते दार दुबळ्यांनी सबळांसाठी बंद केले होते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

वॉल्टर हेगन हा या मंडळींचा नायक. १९२०मध्ये इंग्लंडमधील डील येथे ब्रिटिश ओपनसाठी गेला असता क्लबहाऊसमध्ये व्यावसायिकांना प्रवेश नाही असे कळल्यावर त्याने आलिशान मोटार भाड्याने घेतली, क्लबच्या समोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इनव्हरनेस क्लबने यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबहाऊस खुले केले. कृतज्ञता म्हणून खेळाडूंनी क्लबला उभे मोठे घड्याळ भेट दिले. हेगनने १९२४ ते १९२७ अशी सलग चार वर्षे पीजीए स्पर्धा जिंकली. मधल्या काळात त्याच्याकडून वॉनामेकर चषकच हरवला, पण १९२८मध्ये लिओ डीगल जिंकेपर्यंत त्याचा बोभाटा झाला नाही. जिंकणारा तोच असल्यावर चषक मागणार कोण?

मग १९३४ येते. त्या वर्षी या संघटनेने आपल्या घटनेत सभासदत्व ‘कॉकेशियन’, म्हणजे गोऱ्या वंशाच्या व्यावसायिकांपुरते मर्यादित करणारे कलम घातले. मोटारीत कपडे बदलणाऱ्याला नायक मानणाऱ्या पिढीनेच हे केले.

‘काळच तसा होता’ हा बचाव इथे नेहमी पुढे येतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. १८९६ साली शिनेकॉक हिल्सवरच्या यूएस ओपनमध्ये जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय आणि ऑस्कर बन हा मूळ अमेरिकन रहिवासी, असे दोन तरुण खेळत होते. इतर व्यावसायिकांनी बहिष्काराची धमकी दिली. तेव्हा संयोजक संस्थेचे अध्यक्ष थिओडोर हॅवेमायर यांनी, हे दोघेच उरले तरी स्पर्धा होईल, असे बजावल्याचे सांगितले जाते. स्पर्धा झाली आणि शिपेन पहिल्या काही खेळाडूंत आला. म्हणजे धनिक हौशी मंडळींच्या संस्थेने जे दार उघडे ठेवले, ते अडतीस वर्षांनंतर श्रमिक व्यावसायिकांच्या संघटनेने लिखित नियमाने बंद केले. काळाला बोल लावून हे सुटत नाही.

माझे वाचन असे. व्यावसायिकाची प्रतिष्ठा नुकतीच कमावलेली होती आणि म्हणून कच्ची होती. त्याच्याच वाटेने, कॅडीच्या कामातून खेळ शिकून येणारी कृष्णवर्णीय मुले हे त्याचे सर्वांत जवळचे प्रतिस्पर्धी होते. धनिकाला त्यांची भीती नव्हती, कारण त्याची भाकरी गोल्फवर नव्हती. उंबरठ्याच्या आत नुकत्याच आलेल्या माणसाला मागून येणाऱ्याचे पाऊल सर्वांत आधी ऐकू येते. हे वाचन त्या कलमाला माफ करीत नाही. ते कुठून आले एवढेच सांगते.

कलम काम कसे करी, हे बिल स्पिलरच्या आयुष्यात दिसते. टेक्सासमधील वायली कॉलेजचा हा पदवीधर लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करी आणि वयाच्या तिशीच्या सुमारास गोल्फकडे वळला होता. जानेवारी १९४८मध्ये लॉस एंजेलिस ओपनच्या पहिल्या फेरीत त्याने ६८ फटके घेतले, बेन होगनइतकेच. पुढच्या फेऱ्यांत तो मागे पडला, पण पहिल्या साठांत राहिला. साठांत येणाऱ्यांना पुढच्या रिचमंड ओपनमध्ये थेट प्रवेश होता. स्पिलर आणि टेड ऱ्होड्स तिथे गेले, सराव केला, आणि मग सभासद नसल्याने खेळता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी दावा लावला. पीजीएने भेदभाव न करण्याचे वचन दिल्यावर तो मागे घेतला गेला. त्यानंतर स्पर्धा ‘ओपन’ऐवजी ‘निमंत्रितांच्या’ होऊ लागल्या. शब्द बदलला, दार तसेच राहिले.

त्याच १९४८च्या मे महिन्यात होगनने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. स्पिलर खेळला असता तर जिंकला असता असे मी म्हणत नाही; एका फेरीवरून कुणी विजेता ठरत नाही. पण होगनशी बरोबरी करण्याची संधी मैदानावर ज्याने मिळवली, त्याची ती संधी कागदावर हिरावली गेली. एवढी गोष्ट होगनच्या नावाखाली तळटीप म्हणून असायला हवी.

कलम गेले ते हृदयपरिवर्तनाने नव्हे. कॅलिफोर्नियाचे अ‍ॅटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत स्पिलरची तक्रार पोचली आणि त्यांनी राज्यात अशा भेदभावाने स्पर्धा भरवू देणार नाही असे कळवले. १९६२ची चॅम्पियनशिप लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड क्लबवर ठरली होती. संघटनेने आधी कलमाऐवजी मैदानच बदलले आणि स्पर्धा पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅरोनिमिंक क्लबवर नेली. नोव्हेंबर १९६१मध्ये कलम रद्द झाले. तेव्हा स्पिलर ४८ वर्षांचा होता. सभासदत्व त्याला चषकासाठी तर हवे होतेच, पण क्लबवर शिक्षकाची नोकरी मिळावी म्हणूनही हवे होते. त्या नोकरीची वयेही उलटत आली होती.

अ‍ॅरोनिमिंकवर जिंकला तो दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर. त्याच्या देशात पुढच्याच वर्षी, १९६३मध्ये, भारतीय वंशाच्या पापवा सेवगोलमने डर्बनला नाताळ ओपन जिंकली आणि त्याला चषक क्लबहाऊसबाहेर पावसात देण्यात आला. १९६५मध्ये याच सेवगोलमने खुद्द प्लेअरला मागे टाकून ती स्पर्धा पुन्हा जिंकली. प्लेअरचा विजय यामुळे उणा होत नाही. पण ‘सर्वोत्तम’ हा शब्द वापरताना कुणाकुणाला खेळू दिले होते हे विचारावे लागते.

प्रगतीच्या कथेला १९९०मध्ये धक्का बसला. अलाबामातील शोल क्रीक क्लबवर स्पर्धा ठरली होती आणि आपण कृष्णवर्णीयांना सभासद करीत नाही असे क्लबच्या संस्थापकांनी वार्ताहराला उघडपणे सांगितले. जाहिरातदार मागे हटू लागले, तेव्हा लुई विली या कृष्णवर्णीय उद्योजकांना घाईने मानद सभासद करण्यात आले. संघटनेचे कलम जाऊन एकोणतीस वर्षे झाली होती. क्लबांच्या दारांचे कुणी पाहिले नव्हते. त्यानंतर यजमान क्लबांना भेदभाव न करण्याची अट घालण्यात आली. पुन्हा तेच: आधी बाहेरचा दाब, मग सुधारणा.

२००९मध्ये पीजीएने शिपेन, ऱ्होड्स आणि स्पिलर यांना मरणोत्तर सभासदत्व दिले. तिघांपैकी सर्वांत उशिरा गेलेल्या स्पिलरला जाऊनही तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. ही कबुली मला महत्त्वाची वाटते, पण ती यादीच्या बाहेर झाली. यादीतील कुणाचे नाव खोडावे असे माझे म्हणणे नाही. १९३४ ते १९६१ या काळापुरती तिच्यावर प्रवेशाची अट लिहावी, जशी युद्धाची वर्षे लिहिली आहेत. आज तिथे १९६२च्या ओळीत विजेता प्लेअर आणि मैदान अ‍ॅरोनिमिंक एवढेच वाचायला मिळते. ते मैदान त्या ओळीत आले कसे, हे तिथे लिहिलेले नाही.