विस्मरणाची भक्ती, अवधानाची प्रार्थना

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीस काही गटांनी विरोध केला आणि त्या निमित्ताने ख्रिस्ती लेखनाच्या मराठीपणाची जुनीच चर्चा पुन्हा रंगली. अशा वेळी समर्थनार्थ जे दाखले दिले जातात ते ठरलेले असतात : फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची अभंगरचना. हे दाखले खरे असले तरी ते छंदाचे आणि रचनाप्रकाराचे आहेत. ख्रिस्ती श्रद्धा मराठी घरात, मराठी बाईच्या दिवसभराच्या कामात कोणत्या रूपाने वावरली, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही. किंबहुना तो विचारलाच जात नाही.

हा प्रश्न विचारण्यास धाराशिव जिल्ह्याइतके योग्य ठिकाण नाही. याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे आणि तेथे गोरोबाकाकांची समाधी आहे. रोजचे काम आणि नामस्मरण यांच्या संबंधाची मराठीतील सर्वांत प्रभावी आणि सर्वांत भयंकर कथा गोरोबांची आहे. महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) ती सांगितली आहे. चिखल तुडविताना गोरोबा विठ्ठलनामात इतके तल्लीन झाले की, पायाखाली स्वतःचे मूल आले तरी त्यांना कळले नाही. कथेच्या अखेरीस मूल परत मिळते आणि भक्तीचा महिमा सिद्ध होतो. परंपरेने ही कथा तल्लीनतेचा आदर्श म्हणून स्वीकारली आहे. तथापि कथेतच एक दुसरे पात्र आहे. मुलाला अंगणात ठेवून पाणी आणायला गेलेली बायको परतते आणि जे पाहावयाचे ते तिलाच पहावे लागते. भक्ताचे विस्मरण शक्य होते, कारण घराचे स्मरण दुसऱ्या कोणावर तरी सोपविलेले असते. कथा हे बोलून दाखवीत नाही, पण तिची सारी रचना त्यावर उभी आहे.

जनाबाईंच्या अभंगांत हा संबंध उलटा होतो. तेथे दळणाऱ्या, कांडणाऱ्या, शेण वेचणाऱ्या दासीला कामाचे विस्मरण परवडणारे नाही. म्हणून ती देवाकडे जाण्याऐवजी देवच जात्यापाशी येतो. मराठी भक्तिकाव्यात अशा रीतीने दैनंदिन प्रार्थनेचे दोन रूपबंध सिद्ध झाले. एकात प्रार्थना कामातून माणसाला उचलून नेते आणि दुसऱ्यात ती कामातच उतरते. ख्रिस्ती स्त्रीच्या प्रार्थनेचे मराठी रूप तपासताना हे दोन्ही रूपबंध समोर ठेवणे आवश्यक आहे.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) प्रार्थना येते ती प्रामुख्याने साक्ष म्हणून. यमुनेची श्रद्धा वाचकाला पटवून द्यावयाची असल्यामुळे तिच्या प्रार्थनेचा रोख वाचकाकडे असतो. विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण हा त्या कादंबरीचा खरा विशेष आहे. प्रार्थना तेथे प्रतिपादनाचे अंग होऊन राहते, दिनक्रमाचे होत नाही.

दिनक्रमाचे अंग ती प्रथम होते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या आत्मचरित्राचे स्वागत मराठी समीक्षेने मोकळेपणाने केले. मात्र हे स्वागत बहुतांशी विनोद, प्रांजळपणा, घरगुती बोली आणि टिळकांसारख्या विक्षिप्त, उदार पुरुषाशी केलेला संसार या चार शब्दांभोवती फिरत राहिले. लक्ष्मीबाईंची श्रद्धा ही जणू त्या संसाराची पार्श्वभूमी आणि विनोद हा त्याचा गाभा, अशी विभागणी त्यात गृहीत आहे. संहिता ही विभागणी मान्य करीत नाही.

लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राचा आरंभ सोवळ्याने होतो, हे लक्षणीय आहे. वडिलांचे सोवळे वेडाच्या सीमेला पोचलेले आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाते, अगदी मीठसुद्धा सुटत नाही. म्हणजे पाणी, चूल, धान्य, स्पर्श हे सारे या घरात आधीच धर्माने व्यापलेले आहे. धर्म नित्याच्या जीवनात आणावा, हा लक्ष्मीबाईंपुढील प्रश्न कधीच नव्हता. तो तेथे होताच, आणि भीतीच्या रूपाने होता. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. या मधल्या काळात त्यांच्यात जो बदल झाला तो धर्मग्रंथांच्या वादातून झाला नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे, ही जाणीव झाल्यावर त्यांनी प्रथम जे बदलले ते अन्नपाणी. बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांचे स्वयंपाकघर धर्मांतरित झालेले होते.

म्हणून लक्ष्मीबाईंची प्रार्थना एका रिकाम्या जागी येत नाही. सोवळ्याने सोडलेल्या नेमक्या त्याच जागी ती येते : चुलीपाशी, पाण्यापाशी, पंगतीत. सोवळे विचारते, कोण शिवले? प्रार्थना विचारते, कोण उपाशी आहे? नित्यकर्माची चौकट तशीच राहते, तिच्यातला प्रश्न बदलतो. दुष्काळातील अनाथ मुले आणि प्लेगच्या छावणीतील रुग्ण यांची शुश्रूषा, घरी येऊन राहिलेले बालकवी हे प्रसंग परोपकाराची स्वतंत्र प्रकरणे म्हणून वाचण्याची प्रथा आहे. ते या बदललेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले पाहिजेत.

येथे गोरोबांच्या कथेचे स्मरण पुन्हा उपयुक्त ठरते. टिळक हे या आत्मचरित्रातील तल्लीन पुरुष आहेत. कविता, ईश्वर आणि लोक यांत ते घर विसरतात. हातातले पैसे देऊन टाकतात, न सांगता निघून जातात. लक्ष्मीबाई त्यांच्यावर प्रेम करतात, त्यांच्या श्रद्धेपुढे नम्र होतात. पण त्यांच्या विस्मरणाची किंमत कोणी मोजली हे सांगायला विसरत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ हे शीर्षकच या दृष्टीने अर्थगर्भ आहे. जिने पाणी आणले, तिने येथे कथा सांगितली आहे. आणि विनोद हे या कथनाचे साधन आहे, कारण विनोदामुळे तक्रार न करता हिशेब मांडता येतो. त्यांचा विनोद श्रद्धेपासून वेगळा काढता येत नाही तो याच कारणाने. स्वतःला हसू शकणाऱ्या माणसाची प्रार्थना सोवळ्याच्या अहंकारात परत जात नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या शेजारी ठेवले की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थना एका कुटुंबाची राहिली नाही, ती शेकडो निराधार स्त्रियांच्या सामुदायिक दिनक्रमात बसविली गेली. शेती, विणकाम, छपाई यांच्या जोडीने ती चालली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले ते सामान्य बायकांना कळावे म्हणून, आणि ते छापण्याच्या कामात मुक्तिसदनातील स्त्रियांचे हात होते. येथे प्रार्थनेचा शब्द खिळ्याखिळ्याने जुळविणे हेच रोजचे काम झाले. हिंदू धर्मग्रंथांचे संस्कार असलेले शब्द रमाबाईंनी कटाक्षाने टाळले. टिळकांनी त्याच शब्दांना, अभंगाच्या परिचित सुरावटीला, ख्रिस्ताच्या पायाशी नेले. एकीला जुन्या शब्दांत जुनी बंधने ऐकू येत होती, दुसऱ्याला जुना जिव्हाळा. टिळकांनी अपुरे ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’चा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. छंद त्यांनी टिळकांचा पत्करला. बंधनांची जाणीव मात्र रमाबाईंइतकीच त्यांना होती, कारण ती पुस्तकातून नव्हे, घरातून आलेली होती.

या वाचनाला एक गंभीर आक्षेप घेता येईल. ख्रिस्ती प्रार्थनेला जनाबाईंच्या परंपरेत बसविले की धर्मांतराची धार बोथट होते आणि सारे कसे ‘आपलेच’ होते, असा तो आक्षेप आहे. तो रास्त आहे. जनाबाईंच्या जात्याशी देव येतो, पण जनाबाई दासीच राहते. लक्ष्मीबाईंच्या घरात प्रार्थना येते तेव्हा पंगत बदलते. साम्य रूपबंधाचे आहे, परिणाम भिन्न आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई या ब्राह्मण घरांतून आलेल्या, लिहित्या स्त्रिया होत. अहमदनगर आणि परिसरातील मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्या महार-मांग समाजातील कुटुंबांची होती. तेथील स्त्रीला सोवळे सोडावयाचे नव्हते, ते तिच्याविरुद्ध वापरले गेले होते. तिच्या प्रार्थनेचा व्याप चुलीपासून नव्हे, पाणवठ्यापासून सुरू होतो. ‘स्मृतिचित्रे’तून तिचा अर्थ काढता येणार नाही. त्यासाठी समीक्षेला छापील संहितेबाहेर, गायल्या आणि म्हटल्या जाणाऱ्या शब्दाकडे जावे लागेल.

मराठी समीक्षेने तल्लीनतेला भक्तीचे परिमाण मानले आणि त्याच मापाने स्त्रियांचे धार्मिक लेखन मोजले. त्यामुळे जेथे तल्लीनता नाही तेथे तिला केवळ घरगुतीपणा दिसला. परंतु मूल कोठे खेळते आहे याचे भान ठेवून केलेली प्रार्थना ही उणी प्रार्थना नव्हे. तिचे मूल्य विस्मरणात नसून अवधानात आहे. हे मूल्य स्वीकारले तर ‘स्मृतिचित्रे’ हे विनोदी आत्मचरित्र न राहता मराठीतील एक महत्त्वाचा धार्मिक ग्रंथ ठरतो, आणि तेरच्या कथेतील घागर घेऊन परतणारी ती स्त्रीही भक्तीच्या विचारात प्रथमच मध्यभागी येते.